सगळं मलाच लक्षात ठेवावं लागतं

पत्राचा सारांश

नाशिकहून लिहिणाऱ्या या वाचक ४५ वर्षांच्या आहेत. राज्य सरकारच्या एका कार्यालयात नोकरी, वीस वर्षं नुकतीच पूर्ण झाली. पती अंबडच्या एमआयडीसीत, त्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. मुलगी जूनमध्ये दहावीत जाईल. ती लहानपणापासून कथक शिकते आणि नोव्हेंबरमध्ये तिची मध्यमा पूर्णची परीक्षा आहे. मुलगा आठवीत जाईल, त्याचा पहाटे क्रिकेटचा सराव असतो.

घर जुन्या सोसायटीत, वरच्या मजल्यावर. गेल्या पावसाळ्यात हॉलचं आणि स्वयंपाकघराचं छत गळलं, म्हणून यंदा काम काढायचं ठरलं. मग ‘काढतोच आहोत तर’ म्हणत त्यात नवा ओटा, ट्रॉल्या, बाथरूमच्या टाइल्स आणि घराचा रंग शिरला. अशातच निफाड तालुक्यात गावी एकट्या राहणाऱ्या ७३ वर्षांच्या आईला विसरायला होतंय. दूध गॅसवर राहतं, रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली जाते. भाऊ पुण्याला आहे. तो म्हणतो, “तू जवळ आहेस, खर्च मी पाठवतो.” पती म्हणतात, “तू फक्त सांग, मी करतो.” एकदा त्यांना आईच्या गोळ्या आणायला सांगितल्या, तर त्यांनी वेगळ्याच आणल्या. तेव्हापासून गोळ्याही याच आणतात.

त्या साडेचारला उठतात. त्यांचे प्रश्न तीन आहेत. वेळेचं नियोजन आणखी चांगलं कसं करू? दहावीसाठी कथक बंद करावं का? आणि शेवटी, स्वेच्छानिवृत्ती घेऊन टाकू का?

उत्तर

तुम्ही पत्रासोबत आठवड्याचं वेळापत्रक पाठवलंत, ते मी नीट वाचलं. पावणेसहाला मैदान, सव्वासातला डबे, संध्याकाळी सहाला क्लास, साडेसातला कथक, त्यामध्ये पंधरा मिनिटांत भाजी. वाया जाणारा अर्धा तास मी शोधून पाहिला, सापडला नाही. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. याहून चांगलं वेळापत्रक माझ्याकडे नाही. पहाटे चारला उठा असं मी सांगणार नाही, साडेचारचंही मला पटलेलं नाही.

त्या तक्त्यात मला दुसरंच काही दिसलं. तुमचे पती त्यात फक्त ‘रात्रपाळी’, ‘सेकंड शिफ्ट’ असे आले आहेत, म्हणजे अडचण म्हणून. मुलं सोडायची आणि आणायची आहेत. भाऊ नाही. ज्या सोसायटीची गच्ची गळते, तिचा सेक्रेटरीही नाही. ही सगळी माणसं तुमच्या आठवड्यात आहेत, पण त्यांच्या नावावर एकही काम नाही. तुम्ही मला वेळेबद्दल विचारलंत. मला मात्र वाटतं, कोणतं काम कुणाचं, हे तुमच्या घरात कधी ठरलंच नाही, आणि जे ठरत नाही ते तुमच्याकडे येऊन पडतं.

गळतीपासून सुरू करू, कारण कॅलेंडर बघता तीच घाईची आहे. नाशिकला पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात धरतो, पण त्यावर विसंबू नका. वळीव मेमध्येच झोडपून जातो आणि २०२५ मध्ये तर मान्सून २६ मेलाच मुंबईत पोचला होता. म्हणजे हातात पाच-सहा आठवडे आहेत असं धरा.

आता तुमच्या पत्रातलं एक गृहीतक. छत गळतंय, म्हणजे ते आपण दुरुस्त करायचं, असं तुम्ही धरून चाललात. तुम्ही गृहनिर्माण सहकारी संस्थेत राहता आणि गच्ची सामाईक आहे. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याने होणारी गळती, छताची दुरुस्ती, बाहेरच्या सामाईक पाइपांमुळे होणारी गळती ही कामं संस्थेने संस्थेच्या खर्चाने करायची असतात. आपल्याच बाथरूममधून किंवा सिंकमधून खालच्यांकडे पाणी उतरत असेल तर तो खर्च ज्याचा त्याचा. तुमच्या संस्थेने स्वीकारलेल्या उपविधींची प्रत सेक्रेटरीकडे असते. ती मागून वाचा आणि याच आठवड्यात लेखी अर्ज द्या. सोबत गेल्या पावसाळ्यातले फोटो जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. जिन्यात भेटून ‘बघा ना जरा’ म्हटलेलं कमिटीच्या मीटिंगमध्ये कुणाला आठवत नाही.

तुमच्या ठेकेदाराने छताला आतून केमिकल मारून देतो म्हटलंय. ते थांबवा. पाणी वरून येत असेल तर ते वरच अडवावं लागतं. आतून लेप दिला की डाग एखादा पावसाळा झाकला जाईल, पाणी मात्र स्लॅबमध्ये मुरत राहील, आतली सळई गंजेल आणि पुढे प्लास्टर फुगून पडेल. गच्चीवर बघायच्या जागा ठरलेल्या असतात: कठड्याच्या कडेने गेलेली भेग, पाण्याच्या टाकीखालचा भाग, पाइप स्लॅबमधून उतरतात ती भोकं, उताराच्या उलट बाजूला साचणारं डबकं आणि पालापाचोळ्याने तुंबलेलं निचऱ्याचं तोंड. काही वेळा या शेवटच्या गोष्टीपायीच अर्धी गळती असते आणि ती झाडूने मिटते. वॉटरप्रूफिंग झाल्यावर गच्चीवर पाणी बांधून किमान चोवीस तास ठेवून बघा आणि खालून छत कोरडं राहिलं तरच काम झालं म्हणा. पैसे टप्प्याटप्प्याने द्या. शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर द्यायचा, असं सुरुवातीलाच कागदावर लिहून घ्या. चांगला ठेकेदार याला हरकत घेत नाही.

आणि सोसायटीने टाळाटाळ केली तर? भांडायचे मार्ग आहेत, पण ते मेअखेरपर्यंत कुठे पोचणार नाहीत. अशा वेळी भेगा भरून घेणं, निचरा मोकळा करणं आणि जाड ताडपत्री नीट बांधणं एवढं करून पावसाळा काढता येतो. सभासदाने स्वतः खर्च केला तर तो नंतर वळता होईल का, हे आधी कमिटीकडून लेखी घ्या.

मग राहिला ओटा, ट्रॉल्या, बाथरूम आणि रंग. इथे माझं मत स्पष्ट आहे. यातलं काहीही या वर्षी करू नका. रंग तर करूच नका. भिंत आणि छत आतून ओलं असताना लावलेली पुट्टी आणि रंग पापुद्रे होऊन निघतो. गळती थांबल्यावरही भिंत वाळायला वेळ लागतो. घराला रंग द्यायचा तर दसरा-दिवाळीच्या आगेमागे, भिंती कोरड्या झाल्यावर. ओट्याचं म्हणाल, तर तो फोडला की घरात स्वयंपाक बंद. सुतार ‘आठ दिवसांत देतो’ म्हणतो आणि ट्रॉल्यांची चॅनल यायची राहतात. मुलगी दहावीत असताना, आई कदाचित तुमच्याकडे राहायला येणार असताना, घरात धूळ, ड्रिलचा आवाज आणि बाहेरचं जेवण कशाला? दहावीची लेखी परीक्षा फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू होते, मार्चमध्ये संपते. ओटा पुढच्या एप्रिलमध्ये फोडा. हॉलचा डाग पाहुण्यांना दिसेल. दिसू दे.

गळतीचं हे सगळं काम तुमच्या पतींकडे द्या, असं मला वाटतं. शिफ्टमुळे त्यांना जमत नाही, असं तुम्ही लिहिलंत. पण ठेकेदाराची माणसं येतात सकाळी दहाला. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात त्या वेळी घरी कोण असतं? तुम्ही तर ऑफिसात असता. फर्स्ट शिफ्ट असेल तेव्हा दुपारी साडेतीननंतर ते मोकळे असतात, म्हणजे सेक्रेटरीला गाठायला, दुकानात जायला तुमच्यापेक्षा त्यांनाच सोयीचं. बदलती शिफ्ट शरीराला वाईट असते आणि त्यांची झोप बिघडते, हे खरं. रात्रपाळीच्या आठवड्यात त्यांना सकाळी उठवून फरशीवाल्याशी बोलायला लावू नका. पण महिन्यातले उरलेले आठवडे त्यांच्या हातात तुमच्यापेक्षा जास्त दिवसाउजेडाचे तास आहेत.

देताना मात्र काम पूर्ण द्यायचं. “तू फक्त सांग, मी करतो” हे ते मनापासून म्हणत असतील. पण काय करायचं ते शोधणं, कधी करायचं ते लक्षात ठेवणं, झालं की नाही विचारणं आणि नाही झालं तर चिडणं, हे सगळं यात तुमच्याकडेच राहतं. तुम्ही पहाटे साडेचारला उठता ते भाजी चिरायला कमी आणि हे सगळं डोक्यात मांडायला जास्त, असं तुमच्याच पत्रावरून वाटतं. म्हणून ‘ठेकेदाराला एक फोन कर’ असं सांगू नका. ‘पावसाआधी छत कोरडं करणं तुझ्याकडे, अर्जापासून शेवटच्या हप्त्यापर्यंत’ असं सांगा. आणि मग मधे विचारू नका. बुधवारी रात्री जेवताना दहा मिनिटं त्यांनी सांगायचं, तुम्ही ऐकायचं, एवढंच.

आता थोडं बोचेल असं विचारते. गोळ्या वेगळ्या आल्या तेव्हा नेमकं काय झालं होतं? बऱ्याचदा औषध तेच असतं, कंपनी आणि वेष्टन वेगळं असतं. कदाचित खरंच चुकीच्याही असतील. पण पुढच्या वेळी चिठ्ठीचा फोटो घेऊन जा, दुकानदाराला घटक जुळवून दाखवायला सांग, असं म्हणता आलं असतं. तुम्ही काम परत घेतलंत. घरातलं माणूस यातून एवढंच शिकतं, की थोडं चुकलं की सुटका होते. तुम्हाला वाईट वाटावं म्हणून हे लिहीत नाही. हातात वेळ नसताना शिकवत बसण्यापेक्षा स्वतः करणं सोपं असतं, हे दहा घरांत असंच चालतं. पण ते सोपं पडलेलं काम नंतर कायमचं आपलं होतं. छताच्या कामात तुमच्या पतींकडून एखादी चूक होईल. पाच-सात हजार जास्त जातील. ते घर चालवायच्या खर्चात धरा.

आईबद्दल लिहिताना तुमचं अक्षर बदललंय, म्हणून इथे जरा थांबते.

तुम्ही दोन टोकं लिहिलीत: ‘वय झालंय, होणारच’ आणि ‘डिमेन्शियाच असेल तर मी काय करू’. या दोन्हींच्या मधे बरंच काही असतं. बी-१२ कमी असणं, थायरॉईड, कमी ऐकू येणं, नीट झोप न लागणं, एखाद्या औषधाचा परिणाम, लघवीचा संसर्ग किंवा एकटेपणातून आलेली उदासी यांनीही म्हातारपणी विसरायला होतं, गोंधळ होतो. यातल्या पुष्कळ गोष्टींवर उपचार आहेत. वडील जाऊन दीड वर्ष झालं, असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. आई त्यानंतर बदलली की त्याआधीच, हे आठवून बघा, डॉक्टर तेच विचारतील. आधी फिजिशियनकडे जा, साध्या रक्ततपासण्या करा, कानही तपासून घ्या. त्यांनी सांगितलं तर न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ. जाताना आई घेते ती सगळी औषधं पिशवीत भरून न्या, आयुर्वेदिक काढ्यासकट. आणि गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या घटना तारखांसह लिहून न्या. “विसरते हो” यावरून डॉक्टरांना फारसं कळत नाही. “संक्रांतीला आलेल्या पाहुण्यांना जेवण वाढून झाल्यावर पुन्हा जेवायला बसा म्हणाली” यावरून कळतं.

तोवर दोन गोष्टी लगेच करता येतील. औषधाच्या दुकानात आठवड्याचा सात कप्प्यांचा डबा मिळतो. रविवारी भरायचा, मंगळवारचा कप्पा रिकामा असेल तर मंगळवारची गोळी झाली. गोळी दोनदा घेणं याने बरंच आटोक्यात येतं. आणि गावात रोज एकदा दार वाजवणारं कुणीतरी ठरवा. शेजारची सून असेल किंवा दूधवाला. त्यांच्याकडे तुमच्या भावाचा नंबर असू दे.

भावाचा, मुद्दाम लिहिलं. तुम्ही जवळ आहात हे खरं, पण डॉक्टरची वेळ घेणं, रिपोर्टची फाइल सांभाळणं, औषध संपायच्या आधी मागवणं, रोज रात्री आठला आईला फोन करून गोळी घेतली का विचारणं, यातल्या कशालाच निफाडजवळ राहावं लागत नाही. त्याला म्हणा, पैसे पाठव आणि ही चार कामंही घे. शिवाय महिन्यातला एक शनिवार-रविवार तो गावी. तो म्हणेल, मुलांचे क्लास असतात. तुमच्याही मुलांचे असतात. हे बोलणं फोनवर घाईत करू नका, आणि वहिनीमार्फत तर मुळीच नको, कारण मग ही चारही कामं वहिनीच्या गळ्यात पडतील आणि पुण्याहून मला असंच एक पत्र येईल.

एक गोष्ट पत्रात कुठेच नाही. आईला काय हवंय? तिला नाशिकला आणायचं, ठेवायचं, तिच्या जागेची सोय करायची, हे तुम्ही दोघं भावंडं बोलताय. तिला विचारलंय का? कदाचित ती चार महिने पावसाळ्यात येईल आणि दिवाळीनंतर परत जाईन म्हणेल. कदाचित तिला कुणीतरी रात्री सोबतीला असलं तरी पुरेल. विसराळूपणा सुरू झालेल्या माणसालाही बरीच वर्षं स्वतःचं मत असतं. तपासणीआधी हा निर्णय घेऊ नका आणि तिच्याशिवाय तर नकोच. मनावर फारच ताण आला तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, तिथे तुम्ही स्वतःसाठीही बोलू शकता. ज्येष्ठांसाठीच्या मदतीची एल्डरलाइन १४५६७ आहे.

आता मुलं. कथक बंद करावं का, याचं उत्तर मी देण्याऐवजी तुमच्या मुलीने द्यावं. तिचं नाव पत्रात आठ वेळा आहे, तिचं म्हणणं एकदाही नाही. दीड-दीड तासाचे दोन वर्ग, म्हणजे आठवड्यातले तीन तास. क्लासची व्हेकेशन बॅच, शाळा, टेस्ट सिरीज आणि या सगळ्यांमधली ये-जा यांचे तास मोजा. दहावीचा वेळ कथक खातंय की ये-जा, हे त्यावरून दिसेल. या वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. तुमच्या तक्त्यात तिला साडेसहा मिळते. काही कापायचंच असेल तर टेस्ट सिरीजपैकी एक कापा. दोन सिरीज लावून गणित दुप्पट येत नाही.

तिने स्वतःहून ‘या वर्षी नको’ म्हटलं, तर तेही ऐका. एवढ्या वर्षांची मेहनत वाया गेली वगैरे म्हणू नका. गुरूंशी तिने स्वतः बोलावं. परीक्षा पुढच्या सत्राला देता येते का, वर्ग आठवड्यातून एकदाच ठेवता येतो का, हे विचारावं. आणि चालू ठेवणार असेल तर एक व्यवहाराची गोष्ट. शास्त्रीय नृत्य-संगीताच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण असतील तर राज्य मंडळाच्या दहावीत वाढीव गुण मिळतात. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटलाही मिळतात, खेळाडूंनाही मिळतात. त्यासाठीचा प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत जावा लागतो. जूनमध्ये शाळा उघडली की लगेच विचारा आणि नोव्हेंबरच्या परीक्षेचा निकाल त्या मुदतीत बसतो का, की आधीच्या प्रमाणपत्रांवर प्रस्ताव करायचा, हेही बघा. चौकशी तिने करायची. पंधरा वर्षांची मुलगी शाळेच्या कार्यालयात जाऊन एवढं विचारू शकते.

तिला स्कूटर घेऊन द्यावी म्हणजे ये-जा सुटेल, असं तुम्ही ताजा कलम म्हणून लिहिलंत. नको. सोळा पूर्ण झाल्यावर परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा. आपण ज्या स्कूटर घेतो त्या शंभर सीसीच्या वरच्या, त्यांना अठरा पूर्ण लागतात. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा किंवा अपघात केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. सरकारी नोकरीत असताना तर हा विषय मनातही आणू नका. सिटीलिंकची बस आहे, सायकल आहे, आणि रात्रीच्या परतीसाठी त्याच क्लासला जाणाऱ्या दोन-तीन मुलींच्या पालकांशी आळीपाळी ठरवा. एका आईने आधी विचारलं की बाकीच्या सुटकेचा श्वास टाकतात, असा अनुभव पुष्कळ वाचकांनी कळवलाय.

मुलाच्या बाबतीत आळीपाळीच बरी, कारण क्रिकेटची किट बॅग घेऊन बसमध्ये चढणं म्हणजे शिक्षाच. पण मैदानाबाहेर दीड तास थांबायचं कारण नाही. आणि ती बॅग आदल्या रात्री त्याने भरायची. पॅड विसरला तर कोच त्याला सीमारेषेबाहेर बसवतील. एकदा बसू दे. तुम्ही घरी धावत जाऊन पॅड आणून दिलेत, हे पत्रात तुम्ही कौतुकाने नव्हे, थकून लिहिलंय. तेरा वर्षांच्या मुलाला आपली सामग्री सांभाळता येते. स्वतःचा डबा भरता येतो, धुताही येतो. बहीण दहावीत आहे म्हणून तिला घरकामातून सूट आणि तो मुलगा म्हणून त्याला सूट, असं झालं तर उरता तुम्हीच.

शेवटी स्वेच्छानिवृत्ती. वीस वर्षांची अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन ती मागता येते, हे बरोबर आहे. पण आधी हिशेब बघा. तुम्ही १ नोव्हेंबर २००५ पूर्वी रुजू झालात की नंतर, यावर तुमच्या पेन्शनचं बरंचसं गणित ठरतं, कारण त्या तारखेपासून नव्या भरतीसाठी जुनी पेन्शन योजना बंद झाली. ५८ व्या वर्षापर्यंतचा तेरा वर्षांचा पगार, दोन मुलांचं उच्चशिक्षण, पतींची खासगी नोकरी, हे समोर मांडा. आणि दुसरं, जे आकड्यांत येत नाही. आज घरातली सगळी कामं वाऱ्यावर असताना तुम्ही नोकरी सोडलीत, तर ती सगळी कायमची तुमच्या नावावर चढतील. ‘आता काय, आई घरीच असते’ हे वाक्य मुलांच्या तोंडी यायला महिना पुरेल. मग भाऊही म्हणेल, आता तर तू मोकळीच आहेस. कामाची वाटणी आधी, स्वेच्छानिवृत्तीचा विचार नंतर.

त्याऐवजी तुमच्या हक्काची एक गोष्ट तुम्ही वापरलेलीच दिसत नाही. राज्य सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना २०१८ पासून बालसंगोपन रजा आहे, संपूर्ण सेवेत १८० दिवस, पहिल्या दोन अपत्यांसाठी, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. दहावीची परीक्षा हे त्यासाठी अगदी योग्य कारण आहे. रजा टप्प्याटप्प्याने घेता येते. वर्षाला किती आणि कोणत्या अटींवर, हे आस्थापना शाखेत विचारून घ्या. मुलगी अठराची व्हायला तीनच वर्षं उरलीत, तेव्हा साठवून ठेवण्यात अर्थ नाही. आईच्या तपासण्यांसाठी मात्र वेगळी रजा टाका, अर्जित रजा शिल्लक असेलच.

ज्या वाचक खासगी नोकरीत आहेत त्यांना ही सोय नाही. त्यांनी वरिष्ठांशी बोलताना ‘घरी फार चाललंय’ असं न सांगता नेमके दिवस मागावेत: अमुक दोन आठवडे उशिरा येईन, परीक्षेच्या काळात इतके दिवस घरून काम करीन. अंधुक अडचणीला नकार देणं सोपं असतं, तारखा दिल्या की समोरच्यालाही काहीतरी मंजूर करता येतं.

तुमच्याकडे आत्ता एप्रिल आहे. या रविवारी पती घरी असतील आणि मुलं उठलेली असतील अशी वेळ पाहून फ्रिजवरचा तक्ता काढा आणि भावाला फोन स्पीकरवर घ्या. नवा तक्ता तुम्ही लिहू नका, मुलीला लिहायला सांगा. प्रत्येक कामापुढे एकच नाव. तुमचं नाव किती वेळा येतं ते तिने मोजून सांगावं आणि मग त्यातली निम्मी कामं कोण घेतो, हे तिथेच ठरवावं. सेक्रेटरीला द्यायचा गळतीचा अर्ज सोमवारी तुमचे पती देतील.